अंगठ्याआधीची घासाघीस

कबुलायत हा शब्द आता जुन्या दप्तरांत आणि काही चालू कायद्यांत उरला आहे. १९०८च्या नोंदणी कायद्याचं कलम २(७) भाडेपट्ट्याची व्याख्या करतं आणि तीत कबुलायतही धरावी असं सांगतं. जमीन देणाऱ्याने पट्टा लिहून द्यायचा, कसणाऱ्याने 'यातल्या अटी मला कबूल' म्हणून उलट कागद लिहून द्यायचा. तो उलट कागद म्हणजे कबुलायत. नावावरून व्यवहार दोन्ही बाजूंनी बोलून ठरल्यासारखा वाटतो. खोताच्या, म्हणजे गावाच्या साऱ्याचा मक्ता असलेल्या जमीनदाराच्या, ओसरीवर मात्र कागद आधीच लिहून तयार असायचा आणि ज्याला वाचता येत नाही अशा कुळाला शाईत अंगठा बुडवण्यापलीकडे काही करायचं नसायचं.

अलिबाग तालुक्याच्या खारेपाटात, चरी इथे, २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांची सभा भरली. पुढाकार नारायण नागू पाटील यांचा होता. पंचवीस गावांनी ठरवलं की खोताच्या या अटींवर नांगर धरायचा नाही. हा संप सहा वर्षं चालला. शेतं पडीक राहिली, माणसांनी लाकूडफाटा विकून आणि मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. १७ सप्टेंबर १९३७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. तेव्हाचे महसूलमंत्री मोरारजी देसाई चरीला येऊन गेले. १९३९च्या मुंबई कूळ कायद्यात 'संरक्षित कूळ' आलं आणि संप मिटला. खोती प्रत्यक्ष जायला मात्र १९४९चा कायदा यावा लागला.

करार हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरवरच्या प्रकरणाची सुरुवात खोतापासून करायचं कारण असं. अशा सॉफ्टवेअरची प्रात्यक्षिकं मी बरीच पाहिली आहेत. विकायला आलेला माणूस अगदी पहिल्यांदा एक आकडा दाखवतो: मसुदा निघाल्यापासून सही होईपर्यंत सरासरी किती दिवस लागले. आधी बेचाळीस, आमचं घेतल्यावर नऊ, असं काहीतरी. पडद्यावर हिरवा पट्टा लागतो, समोरचे साहेब मान डोलावतात. मला दर वेळी वाटतं, हा पट्टा चरीला लावला तर? कबुलायतीत मसुदा ते अंगठा हा प्रवास एका सकाळचा असणार. दुरुस्त्या शून्य, फेऱ्या शून्य. सॉफ्टवेअरच्या हिशेबाने खोत पहिल्या नंबराने पास. आणि कुळांनी बोलणी करायची ठरवली तेव्हा तीच बोलणी सहा वर्षं चालली, म्हणजे पट्टा लालभडक.

तेव्हा वेग मोजायचा असेल तर मोजा, पण आधी हे पाहा की दोन बाजूंमध्ये जी ओढाताण झाली ती या यंत्रात धड नोंदली जाते का, आणि ज्याने हे सॉफ्टवेअर विकत घेतलेलं नाही त्या बाजूला ती दिसते का. ही दुसरी अट विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात सहसा नसते. साहजिक आहे, पैसे पहिली बाजू देते.

या जातीच्या सॉफ्टवेअरला इंग्रजी आद्याक्षरांनी 'सीएलएम' म्हणतात. कराराचा जन्म, त्यावरची बोलणी, मंजुऱ्या, सह्या, मग मुदत संपेपर्यंतची आठवण, हे सगळं एका ठिकाणी ठेवणारं. यातलं जगभर माहीत असलेलं एक नाव आपल्या जवळचंच आहे: २००९मध्ये सुरू झालेल्या आयसर्टिसचं मोठं काम पुण्यातून चालतं. मोठ्या कंपन्यांत हजारो करार एकाच वेळी चालू असतात, तिथे याची गरज उघड आहे. आपण मात्र एक लहान करार घेऊ, कारण लहान करारात यंत्राचे दोष लवकर दिसतात.

समजा, नागावच्या एका सुपारीच्या वाडीत चार खोल्या आहेत. मालक वाडीवाले आहेत, पाहुण्यांचं जेवण घरच्याच बायका करतात. मुंबईची एक कंपनी म्हणते, तुमच्या खोल्या आम्ही इंटरनेटवरून भरून देतो, आमचं कमिशन घेतो. मग एके दिवशी मोबाइलवर दुवा येतो. उघडल्यावर अठरा पानांचा इंग्रजी करार आणि खाली पिवळं बटण: 'सही करा'. त्या पडद्यावर बोलायला जागाच नाही. 'मला हे कलम मान्य नाही' म्हणायचं तर कुठे म्हणायचं? वाडीवाले फोन करतात. समोरची मुलगी सांगते, काका, ते सिस्टीममध्ये फिक्स असतं, सगळे करतात. ही कबुलायतच. फक्त शाईची जागा बोटाखालच्या काचेने घेतली आहे.

म्हणून कोणतंही सॉफ्टवेअर तपासताना मी आधी पाहुण्याच्या खुर्चीत बसतो. म्हणजे समोरच्या बाजूचा माणूस होऊन, खातं न उघडता, पैसे न देता, साध्या फोनवर तो दुवा उघडतो. कलमाजवळ शेरा लिहिता येतो का? वाक्य बदलून सुचवता येतं का? कारण देऊन नकार देता येतो का? पुष्कळ ठिकाणी नकाराचं बटण असतं, पण ते तीन टिंबांच्या आड दडवलेलं. कागद उतरवून घेऊन वकिलाला दाखवण्याची सोय सहीच्या आधी आहे की सही झाल्यावरच प्रत मिळते, हेही तिथेच कळतं.

पुढची परीक्षा थोडी लबाडीची आहे, पण करावीच. वकील मंडळी मसुदा वर्डमध्ये फिरवतात आणि बदल लाल रंगात उमटतील अशी सोय चालू ठेवतात. ती बंद करणं एका टिचकीचं काम आहे. तेव्हा सॉफ्टवेअरमधून मसुदा उतरवून घ्यायचा, लाल रंगाची सोय बंद करायची, 'तीस दिवसांत पैसे' यातल्या तीसचे साठ करायचे आणि कागद परत चढवायचा. चांगलं सॉफ्टवेअर आपल्या पोटातली जुनी प्रत आणि आलेली प्रत अक्षराला अक्षर लावून पाहतं आणि साठवर बोट ठेवतं. कच्चं सॉफ्टवेअर फक्त लाल शाई शोधतं, ती दिसली नाही की 'बदल नाहीत' म्हणून मोकळं होतं. मी ही परीक्षा घेतली तेव्हा एका ठिकाणी साठ दिवस बिनबोभाट पुढच्या मंजुरीला निघून गेले होते. कंपनीचं नाव सांगत नाही. त्यांनी नंतर दुरुस्ती केली असेल अशी आशा आहे.

हीच परीक्षा मराठी मसुद्यावर घेतली की वेगळीच गंमत होते. आपल्याकडे वकिलांच्या आणि टायपिस्टांच्या संगणकात अजून युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधले मसुदे पडलेले आहेत. ते कागदावर सुरेख छापून येतात, पण यंत्राच्या दृष्टीने ती अक्षरं मराठी नसतातच. ती असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, वरून मराठीचा मुखवटा चढवलेला. असा मसुदा सॉफ्टवेअरला दिला की शोध लागत नाही, तुलना बिघडते, आणि 'परतावा' शोधायला गेलं तर एकही परतावा सापडत नाही. त्यात पीडीएफ केल्यावर जोडाक्षरं फुटली तर विचारायलाच नको. ज्या सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत भारतीय भाषा चालतात असं लिहिलेलं असतं, त्याचं पुष्कळदा फक्त बटणांवरचं मराठी चालतं. कराराचं चालेलच असं नाही. विक्रेत्याने आणलेल्या नमुन्यावर विसंबू नये, आपल्या गावातल्या टायपिस्टाकडून एक जुना भाडेकरार आणावा आणि विक्रेत्याला तो आपल्यासमोर चढवून दाखवायला सांगावा.

बोलण्यांचं गुपित हा आणखी एक विषय. वाशीच्या बाजारात हापूसच्या पेटीचा सौदा हातावर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी होत आला आहे. रुमालाखाली काय ठरतं ते देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला कळतं, शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्याला कळत नाही. सॉफ्टवेअरलाही असा रुमाल लागतो. कंपनीतले लोक आपसात लिहितात, 'अठरा टक्के मागू, बारापर्यंत उतरायला हरकत नाही.' हा शेरा समोरच्या पक्षाला दिसता कामा नये. बऱ्याच सॉफ्टवेअरांत आतला शेरा आणि बाहेरचा शेरा यांत एका छोट्या खुणेचा फरक असतो आणि घाईत चुकीचं बटण दाबलं जातं. दोन फोन शेजारी ठेवून पाहावं. एकावरून आतला शेरा लिहावा, दुसऱ्यावर दुवा उघडावा, मग तोच मसुदा उतरवून त्याच्या पोटात शेरा चिकटून आला आहे का तेही पाहावं. शेवटची गळती सर्वांत जास्त होते, कारण पडद्यावर लपलेला शेरा उतरवलेल्या फाइलमध्ये कधीकधी आरामात बसलेला असतो.

आणि रुमाल उचलल्यावर जे बोललं जातं ते बंधनकारक ठरू शकतं, हे लक्षात ठेवायला हवं. १८७२चा करार कायदा सांगतो की स्वीकृती बिनशर्त हवी. 'मान्य, पण कमिशन बारा टक्के' ही स्वीकृती नसते, तो नवा प्रस्ताव होतो. उलट, मुद्द्याचं सगळं ठरलं आणि दोन्हीकडून होकार गेला, तर करारावर सही व्हायची बाकी असली तरी करार झाला असं न्यायालय म्हणू शकतं. २०१०मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदान्त या खटल्यात बॉक्साइटच्या खेपांचा सौदा ईमेलवर ठरला होता. रीतसर करारपत्रावर सह्या झालेल्या नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने सौदा पक्का झाला असं धरलं. आता शेऱ्याच्या चौकटीत कुणी 'ओके, डन' लिहिलं आणि अंगठ्याचं चित्र टाकलं, तर ते काय मानायचं? मानायचं काय ते न्यायाधीश ठरवतील, पण ते कुणी, कधी, मसुद्याच्या कोणत्या आवृत्तीवर लिहिलं हे सॉफ्टवेअरने जपून ठेवलेलं असलं पाहिजे. काही सॉफ्टवेअर सही झाली की बोलण्यांचे शेरे पुसून टाकतात. कागद स्वच्छ दिसतो, ग्राहकालाही आवडतं. वाडीवाल्यांच्या दृष्टीने मात्र, 'वादळात रद्द झालं तर तुमच्याकडून घेणार नाही' असं समोरच्याने ज्या शेऱ्यात लिहून दिलं होतं, तोच गेला.

वादळाचं नाव निघालंच आहे. जुन्या महसुली कागदांत 'अस्मानी-सुलतानी' असा जोडशब्द येतो. आभाळातून आलेलं संकट आणि राजाकडून आलेलं संकट. आजच्या करारात त्याला इंग्रजी-फ्रेंच नाव असतं आणि बहुतेकदा ते कलम सोळाव्या-सतराव्या पानावर, कुणी वाचणार नाही अशा ठिकाणी असतं. रायगडच्या किनाऱ्यावर हे कलम पहिल्या पानावर यायला हवं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. मुरूड-श्रीवर्धनच्या सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या झोपल्या, पत्रे उडाले, कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती आणि मोबाइलला रेंज नव्हती. शिवाय दर वर्षीचा पावसाळा आहेच. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच त्या दिवसांत बंद असतात आणि पाहुणा ऐन वेळी बुकिंग रद्द करतो. पैसे परत कुणी द्यायचे? मुंबईत बसून लिहिलेला नमुना करार म्हणतो, मालकाने. यावर घासाघीस व्हायलाच हवी. सॉफ्टवेअरमध्ये 'कलमांचं भांडार' असतं, म्हणजे कंपनीने आधीच मान्य करून ठेवलेली पर्यायी वाक्यं. त्या भांडारात अस्मानी-सुलतानीची दोन-तीन रूपं आधीच ठेवलेली असतील, तर समोरची मुलगी 'ते फिक्स असतं' म्हणण्याऐवजी दुसरं कलम पुढे करू शकते. माझ्या मते या सॉफ्टवेअरांमधली सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत कमी वापरली जाणारी सोय हीच आहे. वापरली जात नाही, कारण पर्याय लिहायला कुणीतरी बसावं लागतं.

मंजुरीबद्दल एकच गोष्ट तपासावी. साहेबांनी मंजूर केल्यानंतर मसुद्यात बदल झाला तर त्यांची मंजुरी आपोआप रद्द होते का? होत नसेल तर बाकीचं पाहूच नका.

आता सही.

शिवकाळातल्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी लहान मुद्रा असते. लेखनाची हद्द इथे संपली, याखाली कुणी काही वाढवू नये. लांब मजकूर असेल तर कागदाचे तुकडे एकाखाली एक डकवत आणि जोडाच्या मागच्या बाजूला संधिमुद्रा उठवत. मधला तुकडा काढून दुसरा घुसवला तर मुद्रेचे दोन अर्धे जुळत नसत. चिटणिसांना दोन भीत्या होत्या, शेवटी भर घालण्याची आणि मध्ये बदल करण्याची, आणि त्या दोन्हींवर त्यांनी दोन वेगळे उपाय शोधले होते. संगणक हे काम एका आकड्यात करतो. सगळ्या दस्तऐवजावर एक गणिती प्रक्रिया चालवली की ठरावीक लांबीची अक्षरमाळ निघते. एसएचए-२५६ या प्रचलित पद्धतीत ती चौसष्ट चिन्हांची असते. तिला हॅश म्हणतात. अठरा पानांत कुठेही एक स्वल्पविराम हलला की सगळी माळ बदलते. डिजिटल सही म्हणजे ही माळ सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने कुलूपबंद करणं.

यात सॉफ्टवेअर कुठे घसरतं? बोलणी एका ठिकाणी होतात आणि सही दुसऱ्या कंपनीच्या सेवेतून घेतली जाते, तिथे. मधल्या उडीत वर्डची फाइल पीडीएफ होते, कधी पानं नव्याने जुळवली जातात, परिशिष्ट मागे राहतं. शेवटच्या फेरीत दोन्ही बाजूंनी मान्य केलेली आवृत्ती आणि सहीला गेलेली आवृत्ती एकच आहे, हे यंत्राने सिद्ध करून दाखवलं पाहिजे. 'आमचं इंटिग्रेशन आहे' हे उत्तर झालं नाही. मी तिथे परिशिष्टातला एक दर मुद्दाम बदलून पाहतो.

सहीच्या जातींबद्दल आपल्याकडे फार गोंधळ आहे. पडद्यावर बोटाने गिरवलेलं नाव, ईमेलवरच्या दुव्यावर टिचकी मारून केलेली सही, आधारच्या आधाराने केलेली ई-सही, आणि यूएसबीच्या काडीत मिळणारं डिजिटल प्रमाणपत्र, या चारही गोष्टींना विक्रेता 'ई-साइन' म्हणतो. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २०००ला लागू झाला. त्यामागे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-कायदा आयोगाचा १९९६चा नमुना कायदा होता. २००८च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक सहीची व्याप्ती वाढली आणि कलम १०-अ आलं: केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार फेटाळता येणार नाही. ही दुरुस्ती अमलात आली ती तारीख २७ ऑक्टोबर २००९. चरीच्या सभेचीच तारीख, शहात्तर वर्षांनंतरची. योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही.

कलम १०-अमुळे बोटाने गिरवलेली सहीही निरुपयोगी ठरत नाही. पण ती सही करणाऱ्याचीच, हे सिद्ध करायचं ओझं ती पुढे करणाऱ्यावर पडतं. आधार ई-सही आणि डिजिटल प्रमाणपत्र यांना कायद्याची मान्यता वेगळ्या दर्जाची आहे. आधार ई-सहीची रचना हुशारीची आहे. ओटीपी किंवा बोटाचा ठसा जुळला की तुमच्या नावाचं प्रमाणपत्र जन्माला येतं, एकदा सही करतं आणि त्याची मुदत अर्ध्या तासात संपते. गुप्त किल्ली नष्ट केली जाते, त्यामुळे ती चोरीला जायला उरतच नाही.

उरतो तो ओटीपी. आणि इथे कोकणातलं घर कसं चालतं ते माहीत असावं लागतं. वाडीवाल्यांच्या आधारला जोडलेला नंबर मुलाचा असतो आणि मुलगा चाकरमानी, परळला किंवा विरारला. सही करायच्या वेळी नागावहून फोन जातो, 'आला का नंबर? सांग लवकर.' मुलगा सहा आकडे वाचून दाखवतो. कायद्याच्या नजरेत सही वडिलांची झाली, दस्तऐवज कुणीच बदललेला नाही, हॅश जुळतो, हिरवी खूण येते. करार वाचला कुणी? मुलाने वाचला नाही, त्याला फक्त आकडे दिसले. वडिलांनी वाचला नाही, तो इंग्रजीत होता. जुन्या महजरांत, म्हणजे गोतसभेच्या निवाडापत्रांत, निरक्षर माणसाच्या नावापुढे 'निशाणी नांगर' काढलेली असे. त्या नांगराला वजन यायचं ते भोवती बसलेल्या गोतामुळे. कोण हजर होतं, कुणापुढे वाचून दाखवलं, हे सगळं महजरात नावानिशी यायचं. सॉफ्टवेअरमध्ये त्याची जागा 'ऑडिट ट्रेल' नावाची यादी घेते: दुवा कधी उघडला, कोणत्या यंत्रावरून, सही किती वाजता. चांगल्या यादीत आणखी एक नोंद असते, प्रत्येक पान पडद्यावर किती वेळ होतं ही. अठरा पानं अकरा सेकंदांत 'वाचली' गेली असतील, तर ती नोंद कुणाच्या बाजूने बोलेल हे सांगायला नको. मराठी गोषवारा सहीच्या आधी दाखवणं आणि तो दाखवल्याची नोंद ठेवणं तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही. मागणी केली तर मिळतं.

मग सातबाऱ्यावरची नावं. वाडी एकट्याची क्वचितच असते. भाऊ, चुलत भाऊ, लग्न होऊन पेणला गेलेली बहीण, आणि एखादं नाव अजून मयताचं, वारसनोंद व्हायची राहिलेली. जागेचाच करार असेल तर सगळ्यांच्या सह्या लागतात. सॉफ्टवेअरला विचारायचे प्रश्न इथे सुचतात. सातांपैकी पाचांनी सही केली आणि सहावा अडून बसला तर झालेल्या पाच सह्यांचं काय? त्यानंतर कलम बदललं तर पाचांना पुन्हा सही करावी लागेल असं यंत्र सांगतं, की गुपचूप जुन्या सह्या नव्या मजकुराला चिकटवतं? आधारवर 'दत्तात्रेय' आणि सातबाऱ्यावर 'दत्ताराम' असेल तर ते बोट दाखवतं का? शहरी कंपन्यांसाठी बनवलेल्या यंत्रात सही करणारे दोन असतात, हे गृहीतच धरलेलं असतं.

भांडण कोर्टात गेलं की सॉफ्टवेअरची खरी किंमत कळते. जालन्याच्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात मुद्दा होता उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही याचा, आणि पुरावा होता कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण. १४ जुलै २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात आणायची तर कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच. त्या खटल्यात अधिकाऱ्यांकडे वारंवार मागूनही ते मिळालं नव्हतं, म्हणून तेवढ्यापुरती सूट मिळाली. १ जुलै २०२४पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. त्याच्या कलम ६३मधल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशही लिहावा लागतो. म्हणजे खरेदीच्या दिवशीच विक्रेत्याला विचारून ठेवायचं: तीन वर्षांनी अलिबागच्या कोर्टात हे प्रमाणपत्र कोण देणार, किती दिवसांत, आणि आमचं वर्गणीचं वर्ष संपलेलं असेल तर? सही झालेली पीडीएफ त्यांच्या संकेतस्थळावर न जाता, साध्या संगणकावर उघडून पडताळता आली पाहिजे. वाडीवाल्यांकडे तर खातंच नाही. त्यांना ऑडिट ट्रेलची प्रत कराराबरोबरच मिळाली नसेल, तर ती पुढे मागायची कुणाकडे?

मुद्रांकाबद्दल विक्रेते हमखास गप्प असतात. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे शुल्क सहीच्या आधी, सहीच्या वेळी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरलेलं हवं. नाही भरलं तर दंड भरेपर्यंत कागद पुराव्यात येत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये शंभर रुपये शुल्काच्या बऱ्याच दस्तांचे पाचशे झाले, आणि शंभरावर सेट केलेलं सॉफ्टवेअर आपणहून सुधारत नाही. कुणीतरी आकडा बदलावा लागतो.

नोंदणीचं तर यंत्राच्या हातातच नाही. २०२२च्या सप्टेंबरपर्यंत जमिनीच्या विक्रीचा करार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेला होता. केंद्राने ती नोंद परिशिष्टातून काढली, आणि लगेच 'अलिबागची जमीन आता घरबसल्या घ्या' अशी भाषा काही दलालांच्या तोंडी आली. तसं काही झालेलं नाही. खरेदीखत किंवा वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकासमोर नोंदवावाच लागतो, सॉफ्टवेअरमधली हिरवी खूण कितीही हिरवी असली तरी. खोल्या चालवायला दिल्या की जागाच दिली, हाही प्रश्न कराराच्या नावावरून सुटत नाही, आतल्या अटींवरून सुटतो. म्हणून तो बोलण्यांच्या पहिल्याच फेरीत काढलेला बरा.

लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी मात्र महाराष्ट्रात खरोखर घरी होते. एजंट लहान पेटी घेऊन येतो, आधारशी ठसा जुळवतो, दस्त नोंदणी विभागाकडे जातो. ही सरकारी सोय मला पुष्कळ खासगी सॉफ्टवेअरांपेक्षा बरी वाटते, कारण दोन्ही पक्ष एकाच टेबलाशी बसलेले असतात आणि एजंटला तिथल्या तिथे विचारता येतं. अडचण येते ती ठशाची. सुपारीच्या झाडावर चढणारे हात, जाळी ओढणारे हात, मिठागरात काम केलेले हात: बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. पेटी लाल दिवा दाखवते. एजंट म्हणतो, काका, बोट पुसा. मग दुसरं बोट, मग तिसरं. धोतराच्या सोग्याने अंगठा पुसत वाडीवाले म्हणतात, आमच्या आज्याचा तर पहिल्या फटक्यात उठायचा. शेवटी बुबुळाचं यंत्र मागवतात. ते यायला एक दिवस लागतो. या एका दिवसात मुलगा रात्रीच्या गाडीने घरी येतो आणि दिव्याखाली बसून सतरावं पान वाचायला घेतो.